लँकेस्टरला जाताच आहात, तर थॅडियस स्टीव्हन्सकडेही जाऊन या

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर आणि मेरीलँड परिसरातली सर्व मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार, वि. वि.

उन्हाळा आला की भारतातून आई-वडील, सासू-सासरे येतात आणि मंडळांच्या सहली निघतात. मार्ग ठरलेला असतो. हर्शीला चॉकलेट, लँकेस्टरला आमिश लोकांच्या घोडागाड्या, दुपारी एखाद्या भल्यामोठ्या बुफेत जेवण, आणि सहल दोन दिवसांची असेल तर पुढे गेटिसबर्गला तोफेशेजारी फोटो. या सहलींना नावं ठेवायला हे पत्र नाही. बसमधल्या अंताक्षरीत मीही घसा बसेपर्यंत गायलो आहे. म्हणणं एवढंच आहे की ज्या लँकेस्टरमध्ये आपण घोडागाडीसाठी रांग लावतो, त्याच लँकेस्टर शहरात वेस्ट चेस्टनट आणि मलबेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक लहानशी दफनभूमी आहे. तिथे थॅडियस स्टीव्हन्स नावाचा एक खासदार चिरविश्रांती घेतो आहे. त्याच्या दारावरून आपण वर्षानुवर्षं जातो आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही.

आपल्या घरातल्या इथे जन्मलेल्या मुलांचा निळा पासपोर्ट ज्या १४ व्या घटनादुरुस्तीवर उभा आहे, ती प्रतिनिधीगृहातून पार नेणारा हा माणूस. काटेकोर बोलायचं तर इथे जन्मलेल्याला नागरिकत्व देणारं वाक्य स्टीव्हन्सचं नाही. ते मिशिगनचा सिनेटर जेकब हॉवर्ड याने सिनेटमध्ये घातलं. ‘कायद्याचं समान संरक्षण’ हे शब्द ओहायोच्या जॉन बिंगहॅमचे. तेच पुढे आपल्या भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये आले. स्टीव्हन्सचं काम निराळं होतं. मतं जमवणं, वेळ साधणं, अडलेलं विधेयक पुढे ढकलणं आणि वेळ आली की नको असलेली तडजोड गिळणं. सुंदर वाक्यं लिहिणाऱ्यांची नावं राहतात, ती वाक्यं कायद्यात उतरवणाऱ्यांची राहत नाहीत. म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आपल्या रूट ३० वर घडलं. नकाशा काढून बघा: यॉर्कला तो मास्तर होता, गेटिसबर्गला वकील झाला, गेटिसबर्गच्या पश्चिमेला त्याचा लोखंडाचा कारखाना होता आणि लँकेस्टरला त्याचं घर आणि थडगं आहे. सहलीसाठी वेगळा रस्ता शोधायची गरज नाही.

जन्म ४ एप्रिल १७९२, व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावी. एक पाऊल जन्मतः वाकडं. थोरल्या भावाची तर दोन्ही पावलं तशी. वडील चांभारकाम आणि शेती करायचे, आणि एक दिवस घर सोडून निघून गेले. चार मुलं आई सॅरावर पडली. तिने शेतात राबून, लोकांच्या घरी आजारी माणसांची सेवा करून मुलं वाढवली. हा लंगडा पोरगा शेतीच्या कामाचा नाही पण डोक्याने तल्लख आहे हे ओळखून शाळेसाठी तिने बिऱ्हाड शेजारच्या पीचम गावी हलवलं. पुढे डार्टमथ कॉलेज, १८१४ साली पदवी. आईची ही आठवण त्याने मृत्युपत्रापर्यंत जपली. तिच्या थडग्याच्या चारही कोपऱ्यांवर दर वसंतात गुलाब आणि इतर टवटवीत फुलं लावावीत म्हणून त्याने वेगळे पैसे ठेवले. जीभ विंचवासारखी असलेल्या माणसाने ठेवलेले.

जिभेचे किस्से पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही सांगणाऱ्यांनी वाढवलेलेही असणार. पेन्सिल्व्हेनियाचाच एक पुढारी सायमन कॅमेरॉन याच्या सचोटीबद्दल लिंकनने विचारलं, तेव्हा स्टीव्हन्स म्हणाला म्हणे, “तापून लाल झालेली शेगडी काही तो चोरणार नाही.” कॅमेरॉन भडकला, शब्द मागे घे म्हणाला. स्टीव्हन्स लिंकनकडे परत गेला आणि म्हणाला, “तो शेगडी चोरणार नाही असं मी म्हणालो होतो, ते मागे घेतो.” आजारपणात डोक्यावरचे केस गेले होते, म्हणून तो टोप घालायचा, आठवण म्हणून केसांची बट मागणाऱ्या एका बाईच्या हातात त्याने सगळा टोपच काढून दिला, असंही सांगतात. मराठी शाळेतल्या मुलांना बाकी काही नाही आवडलं तरी हे आवडेल.

पण मुलांना त्याची एक वाईट गोष्टही सांगायला हवी. १८२१ साली गेटिसबर्गमध्ये नुकता जम बसलेल्या या वकिलाने गुलामांच्या मालकाचं वकीलपत्र घेतलं. चॅरिटी बटलर नावाची मेरीलँडची एक गुलाम बाई स्वातंत्र्य मागत होती. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने इथे राहिला की मोकळा व्हायचा. चॅरिटीचं म्हणणं, मालकाच्या घरच्यांबरोबर इथे येऊन राहिलेले दिवस एकत्र मोजले तर सहा महिने भरतात. स्टीव्हन्सने मुद्दा काढला की ते दिवस सलग नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर ठरलं. तो खटला जिंकला, आणि ती बाई मुलांसकट गुलामीत राहिली. दोनच वर्षांनी, १८२३ च्या ४ जुलैला, गेटिसबर्गच्याच एका मेजवानीत तो उभा राहिला आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असो की ज्याने कुणा माणसाच्या पायात बेड्या ठोकल्या नसतील, असं म्हणून त्याने प्याला उंचावला. मधल्या काळात त्याच्या मनात काय झालं ते त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांचे खटले तो फी न घेता लढवू लागला. १८५१ साली लँकेस्टरजवळच्या ख्रिस्टियाना गावात गुलामांना पकडायला आलेल्या मालकाला लोकांनी ठार केलं आणि सरकारने देशद्रोहाचा खटला भरला, तेव्हा आरोपी कॅस्टनर हॅनवेच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये तो होता. हॅनवे सुटला.

राज्याच्या विधिमंडळात तो १८३३ साली गेला. तिथला त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम शाळांचा. १८३४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने कराच्या पैशांतून सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा केला आणि वर्षभरात लोक त्याविरुद्ध पेटले. जुना नियम असा होता की गरिबाने आधी आपण गरीब आहोत हे लिहून द्यायचं, मग त्याच्या पोराची फी सरकार भरणार. कायदा रद्द करण्याच्या वचनावर आमदार निवडून आले होते. सिनेटने रद्द करण्याच्या बाजूने मतदानही करून टाकलं होतं. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांनाही हा कर नको होता. ११ एप्रिल १८३५ रोजी तो सभागृहात बोलायला उठला. तो म्हणाला, तुम्हाला हवा असलेल्या कायद्याला ‘गरिबांना डाग देण्याचा कायदा, म्हणजे श्रीमंतांपासून ते ओळखू येतील’ असं नाव द्या. आणि माझ्या पोरांना शाळेत जायचं नाही तर मी कर का भरू, असं विचारणाऱ्याला त्याचं उत्तर होतं: तुरुंगात तरी कुठे जायचंय तुला, पण तुरुंगाचा कर तर बिनतक्रार भरतोस. (स्वतः स्टीव्हन्स अविवाहित, मूलबाळ नाही. त्यामुळे त्याच्या तोंडी हे शोभत होतं.) मतं फिरली, शाळा वाचल्या.

११ एप्रिल ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या दिवशी पुण्यात जोतीराव फुले आठ वर्षांचे झाले होते. योगायोगाचं फार काही करू नये, पण कार्यक्रमाला तारीख शोधणाऱ्या कार्यकारिणीला तो पुरेसा आहे. शिवाय आपला आणि या माणसाच्या कामाचा एक खराखुरा धागाही आहे. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता घ्यावा, ही इच्छा त्यांनी तिथे लिहून ठेवली. आपण फुले जयंतीला ती अर्पणपत्रिका वाचतो, टाळ्या वाजवतो आणि ते लोक कोण होते हे विचारत नाही. त्यातला एक आपल्या घोडागाडीच्या रांगेपासून थोड्याच मैलांवर आहे.

तो काही संत नव्हता, राजकारणी होता. मेसन या गुप्त संघटनेच्या मंडळींवर त्याचा इतका राग की काही वर्षं त्याला दुसरं काही दिसेना. सरकारी पैशाने एक रेल्वे आखताना तिचं वळण त्याच्या स्वतःच्या लोखंडाच्या भट्टीजवळून गेलं आणि विरोधकांनी तिला ‘पट्टकृमी’ (टेपवर्म) म्हणून हिणवलं. ते अगदीच अन्यायाचं होतं असं मला वाटत नाही. १८३८ च्या निवडणुकीनंतर हॅरिसबर्गला सभागृह कुणाचं यावरून दंगल झाली, तेव्हा हा लंगडा गृहस्थ खिडकीतून उडी मारून निसटला. पण त्याच सुमारास राज्याची नवी घटना तयार झाली, तिने मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, आणि त्या घटनेवर सही करायला स्टीव्हन्सने नकार दिला. सभेचा सदस्य असून सही नाही. हे त्याच्या हिशेबात जमेला धरायला हवं.

१८४२ साली तो लँकेस्टरला आला, १८४९ पासून दोन वेळा काँग्रेसमध्ये बसला, आणि नंतर १८५९ पासून मरेपर्यंत. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेल्या यादवी युद्धात तो प्रतिनिधीगृहाच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता. युद्ध पैशावर चालतं आणि पैसा त्याच्या समितीतून यायचा: प्राप्तिकर, कर्जरोखे, १८६२ पासून छापलेल्या हिरव्या नोटा. जून १८६३ मध्ये दक्षिणेचं सैन्य गेटिसबर्गच्या लढाईआधी रूट ३० वरच्या त्याच्या कॅलेडोनिया कारखान्यापाशी आलं. जनरल जुबल अर्लीने मालकाचं नाव ऐकून तो मुद्दाम जाळला. आज तिथे कॅलेडोनिया स्टेट पार्क आहे. आपली काही मंडळं तिथे सहभोजन करतात, भेळ कालवतात. ते व्हरमाँटमधल्या त्याच्या जिल्ह्याचं नाव आहे हे तिथे कुणी सांगत नाही.

आता एका दिवसाबद्दल जरा सविस्तर. ४ डिसेंबर १८६५, दुपारी बारा. युद्ध संपून आठ महिने झाले होते. लिंकनचा खून झाला होता. नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने दक्षिणेतल्या राज्यांना भराभर माफी देऊन निवडणुका घ्यायला लावल्या होत्या. निवडून आलेल्यांत कालपर्यंत बंडखोरांच्या बाजूने लढलेली माणसं होती. त्या राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांसाठी खास कायदे करून त्यांना पुन्हा मळ्यांना जुंपायला सुरुवातही केली होती. आणि यात एक चमत्कारिक हिशेब होता. पूर्वी जागा वाटताना पाच गुलामांची मोजणी तीन माणसांइतकी व्हायची. आता गुलामगिरी गेली, म्हणजे पाचांचे पाच धरायचे. मताचा हक्क मात्र त्यांना नाही. थोडक्यात, युद्ध हरलेल्या दक्षिणेला काँग्रेसमध्ये पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळणार होत्या, आणि त्याही ज्यांना तिने गुलाम केलं त्यांच्या डोक्यांवर.

नव्या प्रतिनिधीगृहाची पहिली बैठक. अध्यक्ष निवडला जाईपर्यंत कारभार सभागृहाच्या कारकुनाकडे असतो. हजेरी तोच घेतो. कारकून होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेला. तो नावं पुकारू लागला. टेनेसीची वेळ आली आणि त्याने ते राज्य गाळून पुढचं घेतलं. होरेस मेनार्ड उभा राहिला. हा टेनेसीचा, पण युद्धात संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला, शिवाय राष्ट्राध्यक्षाच्याच राज्यातला. त्याला बाहेर ठेवणं सर्वांत अवघड. हातात निवडून आल्याचा दाखला. मॅकफर्सनने त्याला बोलूच दिलं नाही. नाव यादीत नाही, त्यामुळे सभासद नाही, त्यामुळे बोलता येत नाही. न्यूयॉर्कच्या जेम्स ब्रुक्सने आरडाओरडा केला, कारण मागितलं. उपयोग झाला नाही. दक्षिणेतलं एकही नाव त्या दिवशी पुकारलं गेलं नाही. सगळं आधी ठरलं होतं, आणि ठरवणारा समोरच बसला होता. नंतर लगेच स्टीव्हन्सने दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची समिती करवून घेतली, म्हणजे दक्षिणेला कधी आणि कोणत्या अटींवर परत घ्यायचं हे राष्ट्राध्यक्षाऐवजी काँग्रेस ठरवणार. थोड्याच आठवड्यांत जॉर्जियाने बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यालाच सिनेटर म्हणून निवडून स्टीव्हन्सचा मुद्दा आयता सिद्ध करून दिला.

गोळी नाही, भाषण नाही, हजेरीपटावर नाव नाही. मंडळाच्या वार्षिक सभेत सभासदांची यादी कुणाकडे असते याला किती महत्त्व आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्या पंधरा जणांच्या समितीतून १४ वी घटनादुरुस्ती निघाली. ८ मे १८६६ रोजी स्टीव्हन्सने सभागृहात तिच्यावरची चर्चा सुरू केली. सिनेटने तिच्यात बदल केले, हॉवर्डचं नागरिकत्वाचं वाक्य तेव्हाच आलं, आणि १३ जूनला ती शेवटच्या मतदानासाठी परत आली. स्टीव्हन्सला ती पसंत नव्हती. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क तिच्यात सरळ दिलेला नव्हता. तो नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी करू एवढी धमकी होती, आणि ती धमकी पुढे कधी अंमलात आलीच नाही. त्या दिवशी तो म्हणाला की या देशाच्या संस्था पुन्हा घडवताना विषमतेचा अंशही राहणार नाही असं स्वप्न मी पाहत आलो, ते विरलं, जुन्या इमारतीचे सर्वांत कुजके भाग तेवढे डागडुजी करून बाकीचे वाऱ्यापावसावर सोडावे लागणार आहेत. मग एवढी अपुरी गोष्ट मी का स्वीकारतो? तर मी देवदूतांमध्ये राहत नाही, माणसांमध्ये राहतो, म्हणून. मतदान झालं: बाजूने १२०, विरुद्ध ३२.

मंजुरीसाठी राज्याराज्यांतून फिरून ती जुलै १८६८ मध्ये घटनेचा भाग झाली. स्टीव्हन्स त्यानंतर काही आठवडेच जगला. तीस वर्षांनी, १८९८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि परक्या देशाच्या नागरिकांची इथे जन्मलेली मुलंही याच कलमाने अमेरिकन आहेत असा निकाल लागला. आपली मुलं त्या निकालाच्या सावलीत वाढली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर इथे जन्मलेलं मूल नागरिक मानू नये. आदेश लगेच कोर्टात गेला, पण तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर काय गदारोळ उडाला होता तो आठवा. एच-वन-बीवरच्या, दिवस गेलेल्या मुली रात्री अकराला विचारत होत्या, “काकू, आमचं कसं होणार?” त्या आठवड्यात १४ वी घटनादुरुस्ती हा शब्द प्रत्येक मराठी घरात उच्चारला गेला असेल. ती कुणासाठी झाली होती हे मात्र क्वचित कुणी विचारलं. ती आपल्यासाठी झाली नव्हती. गुलामीतून सुटलेल्या माणसांसाठी झाली आणि तिचा लाभ आपल्याला मिळाला.

म्हणून थोडं झोंबणारं बोलतो. आपल्यात घर घेताना ‘तो एरिया चांगला नाही’ असं हळूच सांगितलं जातं, आणि त्याचा अर्थ काय हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं. इथल्या कृष्णवर्णीय लोकांबद्दल आपल्या जेवणाच्या टेबलावर जे बोललं जातं ते गणेशोत्सवाच्या स्टेजवरून कुणी बोलणार नाही. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्या मुलांना हक्क मिळाला त्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं आपण वागतो. मंडळांनी यावर ठराव करावा असं मी म्हणत नाही. निदान ओळख तरी करून द्यावी.

स्टीव्हन्स हरला तो जमिनीच्या प्रश्नावर, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत दूरचं पाहणं इथेच दिसतं. ६ सप्टेंबर १८६५ च्या लँकेस्टरमधल्या भाषणात त्याने हिशेबच मांडला होता. बंडात सामील झालेले जे बडे जमीनदार, दोनशे एकरांहून जास्त जमीन किंवा दहा हजार डॉलरहून जास्त मालमत्ता असलेले, ते सुमारे ७०,००० आहेत. त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे. ती जप्त करा. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्या. असे दहा लाख धरले तरी चार कोटी एकर लागतील. उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. नुसता मताचा हक्क देऊन भागणार नाही. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही तो जुन्या मालकाच्याच दारात परत जाईल, हे तो सांगत राहिला. मार्च १८६७ मध्ये त्याने विधेयकही आणलं. पक्षातल्या लोकांनीच पाठ फिरवली. गुलामी संपवणं वेगळं, खासगी मालमत्तेला हात लावणं वेगळं, असं उत्तरेतल्या गिरणीमालकांनाही वाटत होतं. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना पुढचं सांगायला नको: वाट्याची शेती, सावकाराचं कर्ज, आणि मताचा हक्कही पुढच्या काही दशकांत हिसकावला गेला.

महाभियोगाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते त्याचं सर्वांत गाजलेलं पण सर्वांत कच्चं काम होतं. फेब्रुवारी १८६८ मध्ये जॉन्सनने युद्धमंत्र्याला काढलं आणि प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्याच्यावर महाभियोग लावला. सिनेटच्या संमतीशिवाय अधिकारी काढू नये, या ज्या कायद्याचा भंग केला म्हणून हे झालं तो कायदाच डळमळीत होता. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याला अवैध म्हटलं. स्टीव्हन्स तोवर इतका खचला होता की त्याला खुर्चीत बसवून दोन तरुण उचलून आणायचे. “तुम्ही गेल्यावर माझं कसं व्हायचं रे?” असं तो त्यांना विचारायचा. सिनेटपुढे भाषणाला उभा राहिला, पण आवाज पुरला नाही. उरलेलं बेंजामिन बटलरने वाचून दाखवलं. मेमध्ये मतदान झालं, ३५ विरुद्ध १९. दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडलं.

११ ऑगस्ट १८६८ च्या मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये तो गेला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली दर्शनासाठी ठेवलं गेलेलं हे तिसरं पार्थिव, हेन्री क्ले आणि लिंकन यांच्यानंतरचं. पहाऱ्याला कृष्णवर्णीय सैनिक होते. लँकेस्टरच्या अंत्ययात्रेला वीस हजारांची गर्दी होती, त्यात निम्मे कृष्णवर्णीय. आणि त्याच्या पक्षाच्या स्थानिक लोकांनी काय करावं? पुढच्या निवडणुकीसाठी मेलेल्या स्टीव्हन्सलाच उमेदवारी देऊन मानवंदना दिली.

शहरातल्या मोठ्या दफनभूमींमध्ये त्याने आधी जागा घेतल्या होत्या. तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही हे समजल्यावर त्या परत करून त्याने ही लहान जागा निवडली, जिथे कुणालाही मज्जाव नव्हता. दगडावरचा मजकूर त्याचा स्वतःचा. त्याचा आशय असा: मी या एकांत जागी पडलो आहे तो एकांताची आवड म्हणून नव्हे, इतर दफनभूमींमध्ये वंशावरून बंदी असल्याचं दिसलं, म्हणून ही निवडली, म्हणजे जन्मभर ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला ते मरणातही दाखवून देता येईल: निर्मात्यापुढे सर्व माणसं समान. मृत्युपत्रात अनाथाश्रमासाठी पैसे ठेवले, आणि अट घातली की वंश, रंग किंवा धर्म बघून कुणाला नाकारायचं नाही. मुसलमानांचाही उल्लेख त्यात नावाने आहे. सर्व मुलांनी एकाच वर्गात शिकायचं आणि एकाच टेबलावर जेवायचं. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलं आहे त्यांना ही अट वाचताना थांबावंसं वाटेल. त्या पैशांतून उभी राहिलेली संस्था आज थॅडियस स्टीव्हन्स कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून लँकेस्टरमध्ये चालते.

घर साउथ क्वीन स्ट्रीटवर आहे, कन्व्हेन्शन सेंटरच्या इमारतीत सामावून घेतलेलं. तिथे गेलात तर लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांचं नाव त्याच्या बरोबरीने घ्या. या मिश्रवंशीय विधवा बाईंनी वीसएक वर्षं त्याचं घर आणि त्याचे व्यवहार सांभाळले. पाहुण्यांनी त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणायचं, हा घरचा शिरस्ता. विरोधी वर्तमानपत्रांनी दोघांबद्दल नको नको ते लिहिलं; दोघांपैकी कुणीही घर सोडलं नाही. स्मिथबाईंनी स्वतःच्या पैशांतून शेजारचं घर विकत घेतलं. स्टीव्हन्सने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,००० ठेवले, त्यांच्या मर्जीवर सोडून. २००० नंतरच्या उत्खननात मागच्या अंगणात विटांची एक जुनी पाण्याची टाकी सापडली. पळून आलेल्यांना तिच्यात लपवत असावेत असं संशोधकांचं मत आहे.

एका कार्यकारिणी सदस्यांकडे मी हा विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं, “मंडळ राजकारणात पडत नाही.” अहो, हा माणूस १८६८ साली गेला. त्याचा पक्ष रिपब्लिकन, पण आजच्या कुठल्याच पक्षाला तो झेपणार नाही. दुसरे म्हणाले, “पाहुण्यांना कंटाळा येईल.” आनंदीबाई जोश्यांच्या अस्थी जिथे आहेत त्या पकीप्सीच्या दफनभूमीत हेच पाहुणे डोळे पुसत उभे असतात; गोष्ट कुणी सांगितली तर ऐकणारे ऐकतात. आनंदीबाईही १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच पेन्सिल्व्हेनियात. चार पानांचं एक मराठी टिपण मी तयार केलं आहे, पाहिजे त्या मंडळाला पाठवतो. मराठी शाळेच्या वरच्या वर्गांसाठी हजेरीपटाचा प्रसंग नाटुकल्यासारखा बसवता येईल. कारकून, मेनार्ड, आरडाओरडा करणारा ब्रुक्स आणि गप्प बसून राहिलेला स्टीव्हन्स, चार मुलं पुरतात. फुले जयंतीच्या कार्यक्रमात अर्पणपत्रिकेनंतर पाच मिनिटं मागतो आहे, जास्त नाही.

सहलीत त्याच्यासाठी पाऊण तास ठेवा. दफनभूमी वस्तीत असल्याने मोठी बस थांबवायला जागा नाही. बस कन्व्हेन्शन सेंटरपाशी सोडून घर बघावं आणि तिथून चालत जावं. आजी-आजोबांसाठी दोन गाड्या वेगळ्या लागतील, त्या चालवणारे मी जमवतो. जेवणाचं मात्र तुम्ही बघा, कारण गेल्या वेळच्या बुफेत भाताशिवाय शाकाहाऱ्यांना काही नव्हतं.

आपला,
पेन्सिल्व्हेनियातला एक आजीव सभासद